बिनकाठाचे कापड

शहापूर, माघ शुद्ध सप्तमी, शके १८५९

चिरंजीव कल्लाप्पा यास थोरला बंधू यमनाप्पा याचे, प्रकृती ठिकाणावर नसताना लिहिलेले अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. आघात पोचतो तसे पोचले. मी ते प्रथम मनात वाचले, नंतर ओठांत आणि शेवटी मोठ्याने. तिन्ही वेळा अर्थ तोच निघाला. आम्ही सर्वांनी मागास कुलूप लावून वेंगुर्ल्यास यावे, तेथून होडीत बसून तू ज्या माडबेट नामक द्वीपावर दीपस्तंभाची चाकरी करतोस तेथे उतरावे, आणि पंधरा दिवस वाळूत 'नुसते बसावे'. कल्लाप्पा, आपल्या गल्लीत मनुष्य बसतो तो मागावर, आडवा होतो तो ज्वराने, आणि हातपाय ताणून स्वस्थ राहतो तो आयुष्यात एकदाच. तेव्हा त्यास चौघे उचलून नेतात.

तथापि मी विद्याव्यासंगी मनुष्य असल्याने प्रश्नाचा सांगोपांग विचार केला. कलियुगात समुद्रोल्लंघन वर्ज्य. कोपऱ्यावरच्या शास्त्रीबुवांस विचारले की अर्ध्या मैलाच्या खाऱ्या पाण्यास उल्लंघन म्हणावे की नुसते ओलांडणे. त्यांनी प्रतिप्रश्न केला, परतीच्या होडीची सोय आहे काय? आहे म्हटल्यावर म्हणाले, मग दोष अर्धाच. शिवाय आपण सांगली संस्थानची प्रजा. बेळगावच्या बाजारी मिरची आणावयास गेलो की इंग्रजी मुलखात पाऊल पडते. रोज परराज्यात जाऊन परतणाऱ्यांस द्वीपाचे भय ते काय?

तुझ्या वैनीचा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ती म्हणाली, "पंधरा दिस नुसतं बसायचं, मग रांधायचं कुणी?" मी म्हटले, तेथेही तूच. ती म्हणाली, "मग त्येला इस्रांती का म्हनायचं? हितं रोज तेच चाललंय की." या युक्तिवादाचे खंडन मला अद्याप सुचलेले नाही.

आता खऱ्या विषयाकडे येतो. तू लिहितोस, काहीही करून आप्पांना आणा; मुलगी विचारते, तुमाला वडील न्हाईत का. हे वाक्य वाचताना मी खोकल्याचे निमित्त केले.

तुला ठाऊक आहे की आठ वर्षे आप्पांनी तुझे नाव उच्चारलेले नाही. तू न विचारता कोळ्याच्या घरची मुलगी केलीस, त्यास प्रायश्चित्त होते. जातीला दोन पंक्ती वाढल्या असत्या की संपले असते. परंतु नागोजी विणकराचा मुलगा अर्धे लुगडे मागावर टाकून उठला आणि चाकरीस गेला, यास आप्पांच्या धर्मशास्त्रात प्रायश्चित्त सांगितलेले नाही. तुझ्या मागाचा, पाय सोडून बसावयाचा खड्डा त्यांनी फळ्या टाकून झाकला आहे. त्या फळ्यांवर ते मांजरालाही बसू देत नाहीत.

तरी मी धाडस केले. ते माग चालवीत असता दारात उभा राहून, भिंतीस उद्देशून, तुझे पत्र वाचले. माग थांबला नाही. 'वडील' या शब्दापाशी आलो तेव्हा धोटा मात्र वेगाने पळू लागला. शेवटी विचारले, "आप्पा, समुद्र बघायचा का?"

"कुनी बघितला न्हाई म्हनून आटलाय का त्यो?" म्हणाले.

हा नकार आहे असे समजू नये. आप्पांचा नकार आणखी आखूड असतो. होळीच्या आधी काही घडविता येते का ते पाहतो. तोवर तेथे नुसते बसण्याची रीत कशी असते, ते सविस्तर कळवावे.

तुझा,
यमनाप्पा

*

माडबेट, ता. १४ फेब्रुवारी १९३८

तीर्थरूप अण्णांच्या पायांवर कल्लाप्पाचे डोके.

तुमचं पत्र रुक्माला वाचून दाखवलं. तिला निम्मं कळलं नाही, तरी हसली. म्हणाली, तुमचे भाऊ देवळातल्यासारखे लिहितात.

रीत विचारलीत, ती अशी. सकाळी उठायचं, पाण्यात जायचं, बाहेर यायचं, वाळूत बसायचं. ऊन चढलं की सावलीत सरकायचं. माडाखाली मात्र बसायचं नाही. नारळ माणूस बघून पडत नाही. वहिनींना सांगा, चुलीपाशी त्यांना फिरकू देणार नाही. तुम्हाला चालत नाही ते तुम्ही असेपर्यंत शिजणारही नाही. बत्तीचे साहेब महिनाभर रजेवर आहेत, त्यांची खोली रिकामी आहे. ते परतले की ती मिळणार नाही, म्हणून होळीच्या आधीच या.

मी पौषात तापानं पडलो होतो. आता उठून काम करतो, पण अंग हाडांवर आलंय. पडून होतो तेव्हा सारखा आपल्या मागाचा आवाज कानांत यायचा. समुद्राचाच असणार, पण मला मागाचा वाटायचा. म्हणून तर पत्र लिहायचं धाडस केलं. आप्पांनी माझ्याशी बोलू नये पाहिजे तर. नातीशी बोलावं, बाळीशी.

एक काम आहे. घरच्या मागाचं एक कापड पाठवा, तुम्ही येण्याच्या आधी. पांढरं, बिनकाठाचं, पदर नको. बारा हात पुरे. गिरणीचं कापड इथल्या हवेत टिकत नाही, घरचंच हवं. आप्पांना माझ्यासाठी म्हणून सांगू नका. होडीवाला भावकू हाका मारतोय, म्हणून थांबतो.

आपला,
कल्लाप्पा

*

शहापूर, माघ वद्य चतुर्थी

चि. कल्लाप्पास आशीर्वाद. हा शब्द आज लिहिताना लेखणी दोनदा शाईत बुडवावी लागली.

तुझ्या पत्राचा पूर्वार्ध वाचून मी हसलो होतो. माडाच्या फळास पात्रापात्रविवेक नाही, यावर एक श्लोकही जुळवीत होतो. मग उत्तरार्ध आला. हसू जेथे होते तेथेच राहिले. ते पुसण्याचे भान मला राहिले नाही.

पांढरे. बिनकाठाचे. बिनपदराचे. घरच्याच मागाचे. आप्पांच्या नकळत.

शहापुरातला आंधळा विणकरही हे वर्णन ऐकून 'कोण गेले' असे विचारील. काठावाचून आपल्या गल्लीत दुसरे काय विणले जाते? ज्याला आपला काळ कळला तो आपले शेवटचे वस्त्र स्वतः सांगून ठेवतो, आणि घरातला सर्वांत वडील मनुष्य ते न बोलता विणतो. आजोबांनी असेच सांगितले होते. आईनेही चुलीपुढे बसून, मीठ आणायला सांगावे तसे सांगितले होते. तेव्हा तू तेथे होतास.

मी पत्र घडी करून खिशात ठेवणार होतो. परंतु तुझ्या वैनीने माझे तोंड पाहिले.

"काय मागितलंय त्येनं?"

"एक कापड."

"कसलं?"

मी सांगितले.

"आनि काठ?"

"नाही."

तिच्या हातातले सूप खाली पडले आणि तांदूळ सोप्यापर्यंत गेले. ती रडू लागली. तुझी वैनी रडते ती गल्लीच्या दोन्ही टोकांस समजेल अशी. माग थांबला. आठ वर्षांत भरदुपारी तो थांबलेला मी ऐकला नव्हता. आप्पा दारात आले.

"कुनाचं?"

मी खाली बसून तांदूळ गोळा करू लागलो.

"कुनाचं म्हनतोय मी."

तुझ्या वैनीने तुझे नाव घेतले.

 आप्पा आत गेले, आणि तुझ्या खड्ड्यावरच्या फळ्या एकेक काढून भिंतीला लावू लागले. मी हात लावावयास गेलो तर मानेने नको म्हणाले. रंगास द्यावयाचे पांढरे सूत घरात होते. काल सकाळपासून ते तुझ्या खड्ड्यात बसले आहेत.

कल्लाप्पा, तुझ्या तापाचे नाव काय? वैद्य काय म्हणतो? बेळगावात मोठे डॉक्टर आहेत. तुला उचलून आणू. परत टपालाने नव्हे, वेंगुर्ल्याहून तारेने उत्तर दे.

यमनाप्पा

*

शहापूर, माघ वद्य अष्टमी

कल्लाप्पा,

तार नाही, पत्र नाही.

आप्पा घरात नाहीत. काल संध्याकाळी त्यांनी कापड मागावरून उतरविले, घडी केली, उशाशी ठेवले. आज सकाळी आम्ही उठलो तो अंथरूण गुंडाळलेले, कापड नाही, कोनाड्यातली चंची नाही. बेळगावच्या मोटार अड्ड्यावर धावत गेलो. तिकिटे फाडणारा म्हणाला, "एक म्हातारं पयल्या गाडीनं वेंगुर्ल्याला गेलं. मांडीवर गाठोडं होतं. वर ठेव म्हनलं तर न्हाई म्हनलं."

आप्पांच्या पायांना निपाणीच्या पलीकडची वाट माहीत नाही. निपाणीसही एका लग्नाला गेले होते, ते अक्षता पडताच परतले, माग रिकामा राहील म्हणून. ते आंबोलीचा घाट उतरत आहेत.

मी आज या पत्रात एकही संस्कृत वचन लिहू शकत नाही. ते पोचतील तेव्हा तू असशील ना, एवढेच कळव.

यमनाप्पा

*

माडबेट, ता. २४ फेब्रुवारी १९३८

तीर्थरूप अण्णांना नमस्कार. मी आहे. धडधाकट आहे. आप्पा पोचले आहेत. आधी एवढं वाचा, मग बसा, मग पुढचं वाचा.

अण्णा, ते कापड तंबूसाठी मागितलं होतं. खोल्या दोनच, किनाऱ्यावर वहिनींना लुगडं बदलायला आडोसा नाही, ऊन कडक. इथं शिडाला काठ नसतो, तंबूला नसतो. आठ वर्षं शिडांकडं बघून माझ्या डोक्यातला काठच गेला. आप्पांना सांगू नका म्हटलं, ते त्यांना माझी मागणी वाटू नये म्हणून. तुमची दोन्ही पत्रं काल, आप्पा ज्या होडीतून आले त्याच होडीतून आली. भावकूनं आधी आप्पांना उतरवलं आणि मग पत्रं दिली.

मी बाळीला खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात होतो. ती माझे केस ओढून मला घोड्यासारखी हाकत होती. होडी टेकली तसा भावकू ओरडला, "ह्यो म्हातारो वाटभर एक शब्द बोलूक नाय. तुझो कोण?" मी वळून बघितलं. आप्पा गुडघाभर पाण्यात उभे, छातीशी गाठोडं, धोतर भिजलेलं. माझ्याकडं नुसते बघत होते. मला वाटलं तापच पुन्हा चढला, म्हणून आप्पा दिसताहेत.

"उभा हाईस व्हय?" म्हणाले.

"व्हय आप्पा."

"ताप?"

"गेला."

"मग ह्ये कुनासाठी?"

मी सांगितलं. त्यांना आधी उमजलंच नाही. "तंबू?" म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "तंबू." मग त्यांनी ते गाठोडं माझ्या डोक्यात घातलं. परत घातलं, तेव्हा हात हळू होता. बाळीला खेळ वाटला, ती हसायला लागली.

"ही कोन?"

"तुमची नात."

"नाव?"

"बाळाबाई. आईचं ठेवलंय."

आप्पांनी तोंड पाण्याकडं फिरवलं. 

पण अण्णा, ते घरात यायला तयार नाहीत. होडी लागते त्या खडकाजवळ गाठोडं मांडीवर घेऊन बसलेत. म्हणतात, "मढ्याचं कापड घिऊन हुंबरा वलांडत न्हाईत. परत बी नेत न्हाईत. टाकत बी न्हाईत. मानसं बसत्यात तितं वर तर तानीतच न्हाईत." रुक्मानं भात नेऊन दिला, तो खाल्ला, तिच्याशी बोलले नाहीत. रात्री वाळूत निजले. सोमवारी भावकूची होडी आली की परत जाणार म्हणतात. जिवंत बघितला, काम झालं म्हणतात.

शास्त्रात काही तोड असेल तर बघा. ही जाळेवाल्याची डोणी वेंगुर्ल्याला चाललीय. तीत माणसाला जागा नाही, पत्राला आहे.

कल्लाप्पा

*

शहापूर, माघ वद्य द्वादशी

चि. कल्लाप्पास, चिरंजीव या शब्दाचा पूर्ण अर्थ ध्यानी घेऊन, आशीर्वाद.

तू हयात आहेस हे वाचताच तुझ्या वैनीने तुला अशा शिव्या दिल्या की शेजारची शालूबाई पडलेल्या चेहऱ्याने धावत आली. तिला वाटले, तू खरोखरच गेलास. मी स्वतः अर्धा प्रहर भिंतीस टेकून उभा होतो. आनंदाचा धक्का शोकाच्या धक्क्याहून सौम्य असतो असे जे म्हणतात, त्यांनी दोन्ही एकाच आठवड्यात सोसलेले नसावेत.

शास्त्रीबुवांकडे गेलो. प्रेताचे वस्त्र कोणास द्यावे, कोणी घेऊ नये, घेतल्यास काय करावे, हे सर्व सांगितलेले आहे. जिवंत मनुष्याने उन्हासाठी मागितले आणि बापाने ते त्याच्या मरणाचे म्हणून विणले, तर त्याचे काय करावे, या प्रसंगाची कल्पना एकाही ऋषीस आलेली नाही. ऋषी विणकर नव्हते. शास्त्रीबुवा एवढेच म्हणाले, "अवघड आहे," आणि तपकीर ओढली.

तेव्हा शास्त्र सोड. आप्पांना सोमवारच्या होडीत बसू देऊ नकोस. होडी बुडवावी लागली तर बुडव. ते अर्धे काम टाकीत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. पण पुरे झालेले काम पुन्हा हाती घेत नाहीत, हेही मी सांगतो. 'जिवंत बघितला, काम झालं' असे म्हणून ते एकदा घाट चढले, तर तुझ्या मुलीस आजोबा दिसले ते तेवढेच.

यमनाप्पा

*

माडबेट, ता. १ मार्च १९३८

तीर्थरूप अण्णांना नमस्कार.

तुमचं पत्र ज्या होडीतून आलं त्याच होडीत आप्पा बसणार होते. होडी बुडवावी लागली नाही. पण रविवारी जे झालं ते बघून माझं काळीज बुडालं होतं.

आमच्या घरामागं जाळी रंगवायचं मोठं तपेलं आहे. ऐनाच्या सालीचा काढा करून जाळी त्यात भिजवतात, म्हणजे ती खाऱ्या पाण्यात कुजत नाहीत. रविवारी रुक्मानं चूल पेटवली. आप्पा अंग धुवायला विहिरीवर गेले, गाठोडं खडकावर ठेवून. मी वर बत्तीच्या काचा पुसत होतो. वरून बघतो तर रुक्मा चालत खडकाजवळ गेली, गाठोडं उचललं, घडी मोडली आणि ते कापड तपेल्यात सोडून काठीनं दाबायला लागली.

मी जिना कसा उतरलो मला आठवत नाही. तोवर आप्पा येऊन उभे होते. ओले, पंचा नेसलेले. पांढरं कापड तांबडं होत खाली चाललं होतं.

"काय केलंस ह्ये, पोरी?" एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. मला तो चढलेला बरा वाटला असता.

रुक्मा ढवळत राहिली. म्हणाली, "आमच्याकडे दर्यावर जाणारा कापड पांढऱ्याचा पांढरा ठेवीत नाय. साल चढली काय ता कामाक येता. मरणाचा ऱ्हवत नाय."

आप्पा उभेच. बाळी माझ्या पायामागं. मला वाटलं, आता हे असेच पंच्यावर पाण्यात चालत निघतील.

मग ते तपेल्यापाशी उकिडवे बसले. कापडाचं टोक दोन बोटांत धरून वर काढलं, पिळलं, उजेडाकडं धरलं.

"साल कंची?"

"ऐनाची."

"तुरटी घालतीस?"

"नाय."

"म्हनून काळपट येतंय. हाय का घरात?"

तुरटी होती. रुक्मानं दिली. आप्पांनी तिला बाजूला सरकवलं, काठी घेतली आणि संध्याकाळपर्यंत त्या तपेल्यापाशीच होते. तीन वेळा बुडवलं, तीन वेळा वाळूत पसरलं. ती सांगत होती जाळ्यांचं, ते सांगत होते सुताचं. दोघं एकमेकांचं बोलणं निम्मं सोडून देत होते, तरी भांडत होते. माझ्या उभ्या जन्मात आप्पा माझ्याशी जेवढं बोलले नाहीत तेवढं तिच्याशी एका दिवसात बोलले. शेवटी कापड वाळलं तेव्हा जुन्या विटेसारखा रंग आला होता. आप्पा त्यावरून पालथा हात फिरवत म्हणाले, "ह्यो रंग शहापुरात न्हाई."

त्या रात्री ते घरात जेवले. ते उंबरा ओलांडताना मी बघत होतो, त्यांच्या लक्षात आलं, मला म्हणाले, "पानी वाढ."

काल सकाळी भावकू आला. हाका मारून दमला. आप्पा बांबू रोवत होते, तंबूचे. मी म्हटलं, आप्पा, होडी आलीया. म्हणाले, "दिसतीया. मी कामात हाय." भावकू रिकामा गेला.

आता तुम्ही निघा. आप्पांनी सांगितलंय: तंबूला काठ घालायला तांबडं आणि पिवळं सूत आणा. आणि अण्णाला म्हनावं माग पंधरा दिवस बंद ठिवल्यानं लोक उघडी फिरत न्हाईत.

कल्लाप्पा

*

वेंगुर्ले बंदर, फाल्गुन शुद्ध सप्तमी

कल्लाप्पा,

आम्ही येथवर आलो आहोत. घाटात तुझ्या वैनीने डोळे मिटले ते बंदरावर उघडले, आणि उघडताच म्हणाली, "येवढं पानी कुनी सांडलं?" मी सागर, अर्णव, रत्नाकर, जलनिधी हे सर्व शब्द एकामागून एक मनात म्हणून पाहिले. लहान मुलाचे अंगरखे थोराच्या अंगावर धरून पाहावेत तसे झाले. नंतर मी म्हणणे सोडून दिले.

येथील नाक्यावरच्या शिपायाजवळ दुर्बीण आहे. माझ्या पागोट्याकडे पाहून त्याने ती मला दिली. प्रथम नुसते माड दिसले, मग तुझा मनोरा, मग विटेच्या रंगाचा तंबू. तंबूपुढे कोणी म्हातारा मनुष्य वाळूत पाय पसरून बसला होता आणि एक पोर त्याच्या पायांवर ओंजळीने वाळू घालीत होती. पाय गुडघ्यांपर्यंत पुरले गेले तरी तो हालत नव्हता. मी दुर्बीण शिपायास परत देऊन म्हटले, हे ते बेट नव्हे. तो म्हणाला, दुसरे नाहीच. पुन्हा पाहिले.

आप्पा होते. हात मांड्यांवर उताणे पडलेले. हातांत धोटा नाही, सूत नाही, बिडीही नाही. लाट आली, त्यांच्या पायांवरची थोडी वाळू घेऊन गेली. पोरीने ती पुन्हा घातली. माझ्या डोळ्यांस धारा लागल्या आणि काच धूसर झाली. शिपायास वाटले दुर्बिणीत दोष आहे. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

भावकू होडी घेऊन उभा आहे. वारा तिकडे वाहतो आहे, येथून शंख फुंकला तर बेटावर ऐकू जातो, फुंकू का, असे विचारतो. मी त्यास थांबविले आहे. ही चिठ्ठी जाळेवाल्याच्या डोणीबरोबर पुढे पाठवीत आहे. ती तू एकट्याने वाच. आम्ही मागच्या बाजूने, खडकांकडून उतरू. आलो आहोत हे आप्पांना सांगू नकोस. ते उठून उभे राहतील.

यमनाप्पा